वैमानिकाची उमेदवारी

आमच्या सभासदांपैकीं कांहीं बागायतदारांनीं अलीकडे एक निराळाच प्रश्न आमच्यापुढें मांडला आहे. प्रश्न खताचा नाहीं कीं बियाण्याचा नाहीं. मुलगा विज्ञान घेऊन बारावी चांगल्या रीतीनें उत्तीर्ण झाला आहे, त्याला वैमानिक व्हावयाचें आहे, आणि शिक्षणसंस्थेनें सांगितलेला खर्च भागविण्यास दोन-तीन एकर बागायत विकणें किंवा बँकेकडे गहाण टाकणें ह्याखेरीज दुसरा मार्ग दिसत नाहीं. तर हें करावें कीं न करावें? शेतीच्या मासिकानें विमानांच्या धंद्यांत कशाला तोंड घालावें, असें कोणी म्हणेल. परंतु जेथें जमिनीवर बोजा चढावयाचा आहे तेथें प्रश्न शेतकऱ्याचाच झाला. शिवाय वैमानिकाच्या धंद्याचा आणि शेतीचा संबंध सामान्यतः समजतात त्याहून पुष्कळ जुना आहे, हें पुढें दिसून येईलच.

करावें कीं न करावें ह्याचा निकाल आम्ही देणार नाहीं. तो ज्याचा त्यानें आपली ऐपत व मुलाची कुवत पाहून करावा. मात्र शिक्षणसंस्थांच्या माहितीपत्रकांत एका गोष्टीचा उल्लेख बहुधा नसतो, ती येथें सांगणें आम्हांस अगत्याचें वाटतें. परवाना हातीं पडणें आणि मोठ्या विमानांत बसण्याचा विश्वास संपादन करणें ह्या दोहोंमध्यें एक उमेदवारीचा काळ असतो. कांहीं देशांत त्या काळांत करण्याजोगीं कामें आहेत. आपल्या देशांत तीं फारशीं नाहींत. सारा घोटाळा येथेंच होतो.

विमानविद्येंत माणसाची किंमत तासांत करितात. विमान उड्डाणासाठीं स्वतःच्या शक्तीनें जागेवरून हललें, तेव्हांपासून तें उड्डाण संपवून पुन्हां स्थिर उभें राहीपर्यंतचा वेळ हा वैमानिकाचा तास म्हणून वहींत लिहिला जातो. ही वही म्हणजे त्याचा सात-बाराच होय. त्यांत शिक्षकासह केलेलें उड्डाण निराळें, विमानाचा मुख्य ह्या नात्यानें केलेलें निराळें, रात्रीचें निराळें, आणि बाहेर कांहीं न पाहतां केवळ यंत्रांच्या कांट्यांवर भिस्त ठेवून केलेलें निराळें. आपल्याकडे व्यावसायिक परवान्यास एकूण २०० तास लागतात. त्यांपैकीं १०० तास मुख्य वैमानिक म्हणून, १० तास यंत्रांवरील आणि ५ तास रात्रीचे असावे लागतात. शिवाय ३०० सागरी मैलांचा, म्हणजे सुमारें ५५५ किलोमीटरचा, एक प्रवास वाटेंत दोन निराळ्या विमानतळांवर उतरून करावा लागतो. लेखी परीक्षा व वैद्यकीय तपासणी ह्या वेगळ्याच.

हे २०० तास म्हणजे किती? नांगरटीच्या दिवसांत रोज आठ तास ट्रॅक्टर चालविणारा गडी २०० तास पंचवीस दिवसांत पुरे करितो. पंचवीस दिवस ट्रॅक्टर चालविलेल्या गड्याच्या हातीं आपण ट्रॅक्टर देतों, पण डोंगरउतारावरील अवघड पट्टी पहिल्याच वर्षीं देत नाहीं. विमानकंपन्या व विमा उतरविणारे लोक ह्याच न्यायानें वागतात. परवाना हा शिकण्यास लायक झाल्याचा दाखला आहे. शिकून झाल्याचा नव्हे.

ही उमेदवारी कशी चालते हें पाहावयाचें तर अमेरिकेकडे पाहिलें पाहिजे. तेथें व्यावसायिक परवाना साधारणतः २५० तासांवर मिळतो, परंतु प्रवासी विमानकंपनीच्या विमानांत, दुय्यम वैमानिक म्हणूनही बसावयाचें तर १,५०० तास लागतात. विद्यापीठाची विमानविद्येची पदवी असल्यास १,००० आणि लष्करांत शिकलेल्यास ७५० तास पुरतात. हा नियम पूर्वीं नव्हता. ता. १२ फेब्रुवारी २००९ रोजीं न्यूयॉर्क राज्यांत बफेलो शहरानजीक एक प्रवासी विमान घरावर कोसळलें, त्यांत विमानांतील ४९ आणि जमिनीवरील १ अशीं ५० माणसें दगावलीं. मृतांच्या नातेवाइकांनीं चळवळ केली, २०१० सालीं कायदा झाला आणि २०१३ पासून तासांचा हा नियम अमलांत आला. आश्चर्य असें कीं त्या विमानाच्या दोघांही वैमानिकांचे तास १,५०० पेक्षां पुष्कळ अधिक होते! त्यामुळें नुसत्या तासांच्या संख्येनें सुरक्षितता वाढते कीं नाहीं ह्याविषयीं तेथें अद्याप वाद चालू आहे. आमच्या मतें तास कोणते हा प्रश्न तास किती ह्यापेक्षां महत्त्वाचा आहे. पण कायदा संख्या मोजतो, आणि म्हणून २५० व १,५०० ह्यांमधील साडेबाराशें तास भरून काढणें हा तेथील प्रत्येक नव्या वैमानिकाचा एक ते दोन वर्षांचा उद्योग होऊन बसला आहे.

हे तास स्वतःच्या पैशानें भरावयाचे म्हटले तर विमानाचें भाडें देतां देतां माणूस भिकेस लागेल. तेव्हां दुसऱ्याच्या विमानांत, दुसऱ्याच्या कामावर, अल्प वेतनांत हे तास मिळवावे लागतात. सर्वांत अधिक लोक पत्करतात तें काम शिकविण्याचें. शिक्षकाची वेगळी परीक्षा देऊन कालचा विद्यार्थी आज गुरु होतो. विमान बहुतेक वेळ विद्यार्थीच चालवितो, पण तास दोघांच्याही वहींत लिहिले जातात. कालच ज्याचे पंख फुटले त्यानेंच दुसऱ्यास उडावयास शिकवावें, हें ऐकून आपणांस विचित्र वाटेल. टीका करणारे तेथेंही आहेत. परंतु विद्यार्थ्याची चूक होत असतांना ती किती वाढूं द्यावी आणि कोणत्या क्षणीं आपण हात घालावा, ही पारख दुसऱ्या कोणत्याही कामांत इतकी लवकर येत नाहीं, असें जुने वैमानिक सांगतात; आणि तें आम्हांस पटतें.

दुसरें काम जाहिरातीचे फलक ओढण्याचें. फ्लॉरिडाच्या व न्यू जर्सीच्या किनाऱ्यावर उन्हाळ्यांत लोकांची गर्दी झाली म्हणजे लहान विमानें मागें लांब फलक लोंबकळत ठेवून किनाऱ्यालगत फेऱ्या घालितात. फलकावरील अक्षरें पुरुषभर उंचीचीं असतात. हा फलक घेऊन विमान जमिनीवरून उठत नाहीं. मैदानांत दोन उभ्या काठ्यांमध्यें दोराचा फांस ताणलेला असतो. वैमानिक शेंपटीमागें लोंबणारा आंकडा घेऊन खालीं येतो, काठ्यांवरून जातां जातां आंकडा फांसांत अडकवितो आणि तत्क्षणीं विमानाचें नाक वर करून चढूं लागतो. क्षणभरानें फलकाचा भार विमानावर येतो. मोट पाण्याबाहेर पडतांना बैलांच्या खांद्यावर जसा एकाएकीं ताण येतो, तसाच हा प्रकार समजावा. बैल फार तर अडखळतील. परंतु विमानाचा वेग त्या वेळीं कमी पडला तर पंखांचा आधार सुटून तें जमिनीवर येतें, आणि सांवरण्यास उंची नसते. म्हणून अशा वेळीं फलक तत्काळ सोडून देण्याची कळ वैमानिकाच्या हाताशीं ठेवलेली असते, व ती ओढण्यास त्यानें कचरूं नये हा पहिला धडा असतो. एकदां फलक वर गेला म्हणजे पुढें सारें रटाळ काम. तासन् तास उन्हांत, मंद गतीनें, त्याच किनाऱ्यावर येरझारा. पण वहींत तास भरतात, आणि इंजिनाचा आवाज, वाऱ्याची दिशा व विमानाचा जडपणा हीं माणसाच्या अंगांत मुरतात.

ग्लायडर म्हणजे इंजिनावांचून उडणारें विमान. तें दोरानें बांधून दोन-तीन हजार फूट वर ओढून नेणें व सोडून परत येणें हेंही काम नवशिके करितात. एका दिवसांत अशा अनेक फेऱ्या होतात, म्हणून तास थोडे पण उड्डाणें व उतरणीं फार. मागील ग्लायडर भलताच वर गेला तर तो ओढणाऱ्या विमानाची शेंपटी उचलतो व नाक जमिनीकडे वळवितो, हा ह्यांतील धोका. गमतीची गोष्ट अशी कीं फलक व ग्लायडर ओढण्यास जीं विमानें वापरतात त्यांत ‘पायपर पॉनी’ नांवाचें एक जुनें विमान फार लोकप्रिय आहे, आणि तें मुळांत पिकांवर औषध मारण्यासाठीं बनविलेलें होतें. म्हातारा बैल औतास नाहीं तरी गाडीस चालतो, तसें.

छत्रीधारी उडी मारणाऱ्या हौशी लोकांस दहा हजार फुटांवर नेऊन सोडणें, तेलाच्या नळांवरून खालच्या उंचीनें उडत गळती किंवा कोणी खणतीचें काम तर करीत नाहीं ना हें पाहणें, जमिनीचीं छायाचित्रें घेणें, हींही कामें आहेत. तेलाच्या नळांची पाहणी वर्षांतून किमान २६ वेळां झालीच पाहिजे असा तेथील सरकारी नियम असल्यामुळें तें काम बाराही महिने चालतें. छायाचित्रें घेणारें विमान प्रदेशावरून सरळ रेषेंत जातें, टोंकाला वळतें आणि पहिल्या रेषेस लागून दुसरी रेषा धरून परत येतें. नांगर धरणाऱ्यास हें वेगळें समजावून सांगण्याचें कारण नाहीं. घड्याळाचा तास आणि नांगराचें तास ह्यांची अशी गांठ दुसरीकडे क्वचितच पडेल. ऑस्ट्रेलियांतील नवे वैमानिक पावसाळा संपला म्हणजे कुनुनुरा, ब्रूम, डार्विन अशा उत्तरेकडील दूरच्या गांवीं जाऊन लहान विमानांतून प्रवासी व सामान नेण्याचें काम शोधतात. तेथील विस्तीर्ण कुरणांवर गुरें हांकण्यास लहान हेलिकॉप्टर वापरतात, तो प्रकार आपल्या गुराख्यांनीं एकदां पाहण्याजोगा आहे.

आतां शेतीच्या विमानांकडे वळूं. विमानानें पिकांवर औषध टाकण्याचा पहिला प्रयोग ता. ३ ऑगस्ट १९२१ रोजीं अमेरिकेच्या ओहायो राज्यांत ट्रॉय गांवाजवळ झाला. कॅटल्पा नांवाच्या झाडांची एक राई अळ्यांनीं खाऊन टाकली होती. लेफ्टनंट जॉन मॅक्रेडी ह्या लष्करी वैमानिकानें जुन्या विमानांतून तिच्यावर शिशाच्या आर्सेनेटची भुकटी उधळली. प्रयोग यशस्वी झाला. पुढें लगेच लुइझियाना राज्यांत कापसाच्या बोंडांवर पडणाऱ्या सोंडकिड्यावर, जो आपल्या बोंडअळीहून निराळा आहे, हा उपाय सुरू झाला. त्या कामासाठीं निघालेल्या ‘हफ डॅलंड डस्टर्स’ नांवाच्या कंपनीचा धंदा १९२८ सालीं सी. ई. वूलमन ह्यांच्या पुढाकारानें नव्या मंडळीनें घेतला. वूलमन हे मूळचे शेतकऱ्यांत फिरून शेतीची माहिती देणारे गृहस्थ. मिसिसिपी नदीच्या खोऱ्यावरून कंपनीचें नांव ‘डेल्टा’ ठेवलें. आज जगांतील अगदीं मोठ्या प्रवासी कंपन्यांत जिची गणना होते ती डेल्टा हीच. तिचा पाया कापसाच्या किडीवर घातला गेला आहे.

आज अमेरिकेंत हें काम फार वाढलें आहे. औषधाबरोबरच खत व बीं हींही विमानानें टाकितात. कॅलिफोर्नियाच्या सॅक्रामेंटो खोऱ्यांत भाताची पेरणीच विमानानें होते. बीं आधीं पाण्यांत भिजवून, निथळवून जड करितात आणि पाणी भरलेल्या खाचरांत वरून सोडतात. भिजल्यामुळें तें तरंगत नाहीं व रुजण्यासही लवकर लागतें. रहू टाकून मोड आणणाऱ्या आपल्या कोंकणी शेतकऱ्यास ह्यांतील तत्त्व नवें वाटणार नाहीं. नवें आहे तें फक्त विमान.

असें असल्यामुळें, नव्या वैमानिकानें पहिले तास शेतीच्या विमानांतच कां मिळवूं नयेत, असा प्रश्न साहजिकच मनांत येतो. उत्तर असें कीं हें काम उमेदवाराचें नव्हे, कसलेल्या माणसाचें आहे. मोठ्या फवारणी-विमानाची टाकी सुमारें ३,००० लिटरांची असते. एवढा भार घेऊन, अनेकदां कच्च्या धांवपट्टीवरून उठावयाचें, पिकाच्या शेंड्यावरून अवघ्या दहा-बारा फुटांवर ताशीं दोनशें किलोमीटरांहून अधिक वेगानें जावयाचें, बांध येतांच फवारा बंद करून नाक वर करावयाचें, वळसा घेऊन लगतच्या पट्ट्यावर पुन्हां खालीं यावयाचें. आणि असें दिवसांतून शेंकडों वेळां. वारा शांत असतो म्हणून काम पहाटेस सुरू होतें. बांधावर झाड, विजेची तार, मनोरा काय आहे हें आधीं पाहून ठेवावें लागतें. तारा वरून दिसत नाहींत, खांब दिसतात. म्हणून खांब पाहून तारेची अटकळ बांधावी लागते. तारेस अडकून होणारे अपघात हा ह्या धंद्याचा जुना शाप आहे. शिवाय बहुतेक विमानांत एकच आसन असल्यामुळें शेजारीं बसून शिकविणारा कोणी नसतो. पहिलाच फेरा एकट्यानें घ्यावा लागतो.

ह्यास्तव विमा उतरविणाऱ्या कंपन्या थोड्या तासांच्या माणसाचा विमा सहसा घेत नाहींत, आणि विम्यावांचून कोणी मालक लाखों डॉलरांचें विमान हातीं देत नाहीं. नवशिका येतो तो जमिनीवर. एक-दोन हंगाम तो औषध मिसळतो, टाकी भरतो, विमान धुतो, वैमानिकाचें बोलणें ऐकतो. नंतर हलका भार व सोपें, मोकळें शेत. सराव झाला म्हणजे मिळकत बरी होते, कारण बहुधा एकराप्रमाणें मोबदला मिळतो. पण हंगामावर सारी भिस्त. ह्या कामाच्या परीक्षेंत तेथें केवळ विमान चालवून दाखविणें पुरत नाहीं. औषधांचे परिणाम, तीं हाताळण्याची रीत आणि विषबाधेचीं लक्षणें ह्यांचेंही ज्ञान दाखवावें लागतें. २०१७ सालीं यवतमाळ जिल्ह्यांत पाठीवरच्या पंपानें फवारतांना विषबाधा होऊन किती शेतकरी व मजूर दगावले हें ज्यांस आठवतें त्यांस ह्या अटीचें मोल सांगावयास नको. असली परीक्षा जमिनीवरून फवारणाऱ्यांसही असती तर बरें झालें असतें.

आपल्या देशांतही हा प्रयोग झालेला आहे. केंद्र सरकारच्या कृषि मंत्रालयाकडे एके काळीं ह्या कामासाठीं स्वतंत्र विमानविभाग होता. बंगळूरच्या हिंदुस्तान एअरोनॉटिक्स कारखान्यानें ‘बसंत’ नांवाचें फवारणीचें विमान तयार केलें. त्याचें पहिलें उड्डाण १९७२ सालीं झालें. परंतु तीं चाळिसाच्या आंतच बनलीं व काम पुढें थांबलें. आपलीं शेतें लहान, एका बांधाला एक पीक तर पलीकडे दुसरें, मध्यें विहिरी, वस्त्या, गोठे. विमानाचा फवारा बांध ओळखीत नाहीं. केरळांतील कासारगोड जिल्ह्यांत काजूच्या बागांवर अनेक वर्षें, २००० सालापर्यंत, हेलिकॉप्टरनें एंडोसल्फान फवारलें गेलें, आणि खालच्या वस्तींतील लोकांच्या रोगपीडेचा प्रश्न इतका पेटला कीं २०११ सालीं सर्वोच्च न्यायालयानें त्या औषधावर देशभर बंदी घातली. अशा स्थितींत फवारणीच्या विमानांवर नव्या वैमानिकाची उमेदवारी आपल्याकडे व्हावी अशी आशा करणें व्यर्थ आहे.

त्या जागीं आतां ड्रोन आले आहेत. २०२० च्या मे महिन्यांत टोळधाड अमरावती, नागपूर भागांत शिरली त्या वर्षीं देशांत टोळांवर ड्रोननें औषध मारण्यांत आलें. २०२१ सालीं ड्रोनचे नियम झाले, आणि २०२३ सालीं १५,००० महिला बचतगटांस ड्रोन देण्याची केंद्राची योजना मंजूर झाली. ड्रोन चालविण्याचें प्रमाणपत्र दहावी उत्तीर्ण व १८ वर्षें पुरीं झालेल्यास कांहीं दिवसांच्या शिक्षणानें मिळतें. हें काम चांगलें आहे, व गांवांत राहून करण्याजोगें आहे. मात्र ह्याविषयीं एक गैरसमज पसरत असलेला आम्ही ऐकतों, तो दूर केला पाहिजे. ड्रोन हजार तास उडविला तरी त्यांतील एकही तास वैमानिकाच्या परवान्याच्या वहींत धरला जात नाहीं. जमिनीवर उभा राहून उडविणारा आणि विमानांत बसून उडणारा ह्यांचे दाखले अगदीं वेगळे आहेत. ‘आधीं ड्रोन शिका, मग विमानाचे तास कमी लागतील’ असें कोणी सांगत असेल तर तें खोटें समजावें.

मग आपल्याकडचा नवा वैमानिक काय करितो? आपल्या कायद्यानें २०० तासांच्या परवान्यावर, विशिष्ट मोठ्या विमानाचें वेगळें शिक्षण घेऊन, प्रवासी कंपनींत सह-वैमानिक होतां येतें. म्हणजे अमेरिकेंतील साडेबाराशें तासांची मधली पायरीच येथें नाहीं. ज्याची निवड झाली त्याच्या दृष्टीनें ही मोठी सोय. पण ज्याची झाली नाहीं त्यास थांबावयास जागा नाहीं. फलक ओढणारीं विमानें येथें जवळजवळ नाहींत, छत्रीच्या उड्यांचा धंदा तुरळक, लहान भाड्याच्या विमानांचे मालक अनुभवी माणूस मागतात. उरतें तें सहाय्यक शिक्षकाचें काम. त्यासाठीं आणखी शिक्षण व परीक्षा आहे, आणि जागा प्रशिक्षणसंस्था असतील तितक्याच.

शिवाय कंपन्यांची भरती ही पावसासारखी आहे. विमानें वाढतात तेव्हां सर्वांसच हांक येते. परंतु किंगफिशर २०१२ सालीं, जेट एअरवेज एप्रिल २०१९ मध्यें आणि गो फर्स्ट मे २०२३ मध्यें बंद पडली, त्या प्रत्येक वेळीं हजारों तासांचे वैमानिक बाजारांत आले, आणि २०० तासांचा मुलगा रांगेच्या अगदीं शेवटीं गेला. २०२० च्या साथीच्या दिवसांत तर साऱ्या विमानांच्या चाकांखालीं ठोकळे लागले होते. वाट पाहण्याच्या ह्या काळांत खर्च मात्र थांबत नाहीं. वैद्यकीय तपासणी वर्षाचे वर्षास, यंत्रांवरील उड्डाणाची चाचणी वर्षाचे वर्षास, आणि हात बसूं नये म्हणून मधून मधून भाड्यानें विमान घेणें. कर्जाचें व्याज तर चालूच. हातांतील कौशल्य गंजतें तें निराळेंच; वर्षभर न उडालेल्या २०० तासांच्या माणसाची किंमत काल उडालेल्या २०० तासांच्या माणसाइतकी कोणी करीत नाहीं.

ह्या ओढीतून एक वाईट चाल निघते. न उडतां तास लिहिणें. पाश्चात्य वैमानिकांत अशा तासांस थट्टेनें ‘पार्कर पेनचे तास’ म्हणतात. २०११ सालीं आपल्याकडे खोट्या गुणपत्रिकांवर परवाने मिळविल्याचीं प्रकरणें उघडकीस आलीं, व राजस्थानांतील एका शिक्षणसंस्थेंत प्रत्यक्ष न झालेल्या उड्डाणांचे तास नोंदविल्याबद्दल कांहींजणांस अटकही झाली. बाप जमीन विकून पैसे भरतो आणि संस्था त्यास कागदावरचे तास देते, हा व्यवहार केवळ फसवणुकीचा नाहीं. असा मुलगा पुढें शंभर-दीडशें माणसें मागें बसवून उडणार असतो.

आमच्याकडे प्रश्न घेऊन आलेल्या गृहस्थांस आम्हीं पुढील चौकशी करावयास सांगितलें. परवान्याचा खर्च आज साधारण ४० ते ६० लाख रुपये सांगतात. त्यांत मोठ्या विमानाच्या शिक्षणाचे १५-२० लाख किंवा अधिक धरलेले आहेत काय? नसल्यास ते कोठून येणार? संस्थेकडे विमानें किती, त्यांतील आज उडण्याच्या स्थितींत किती, आणि विद्यार्थी किती? मागच्या तुकडीस २०० तास पुरे करण्यास किती महिने लागले? आपल्याकडे पावसाळ्याचे चार महिने ढगांमुळें उड्डाणें फार खंडतात; बारामती, गोंदिया, धुळें येथें जाऊन शिकणाऱ्या मुलांसच हें विचारावें, कार्यालयांत विचारूं नये. विमानें नादुरुस्त झाल्यानें शिक्षण रखडलें तर भरलेल्या रकमेचें काय होतें, हें लेखी मागावें. सारे पैसे एकरकमी भरूं नयेत. परदेशांत जाऊन लवकर शिकतां येतें हें खरें. परंतु परत आल्यावर येथील परीक्षा व चाचण्या देऊन परवाना बदलून घ्यावाच लागतो. तसेंच अमेरिकेंत परवाना मिळाला म्हणजे तेथें शिक्षक होऊन किंवा फलक ओढून तास भरतां येतील ही समजूत चुकीची आहे. परवाना उडण्याचा असतो. परकी माणसास तेथें पगारावर काम करण्यास त्या सरकारची निराळी परवानगी लागते, व ती सहज मिळत नाहीं.

ह्याखेरीज, परवाना मिळाल्यावर दोन वर्षें मुलास नोकरी लागली नाहीं असें धरून हिशेब मांडावा. त्या दोन वर्षांचें व्याज, तपासण्या व चाचण्या उरलेल्या जमिनीच्या उत्पन्नांतून निघतात काय? निघत असतील तर गोष्ट वेगळी. निघत नसतील तर निदान सारी बागायत एका गहाणखतांत घालूं नये. विहिरीचा तुकडा तरी बाहेर ठेवावा.

आणि सर्वांच्या आधीं वैद्यकीय तपासणी. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयानें नेमलेल्या डॉक्टरांकडे प्रथम दुसऱ्या वर्गाची व नंतर ठराविक केंद्रांत पहिल्या वर्गाची तपासणी होते. पहिल्या वर्गांत उतरल्यावांचून व्यावसायिक परवाना मिळत नाहीं. शिक्षणाच्या खर्चाच्या मानानें तिला फारच थोडे पैसे लागतात. रंगांधळेपणासारखा दोष मुलास स्वतःसही तोंवर ठाऊक नसतो. आमच्याकडे आलेल्या एका सभासदाच्या मुलाची दुसऱ्या वर्गाची तपासणी झाली आहे व पहिल्या वर्गाची तारीख मिळावयाची आहे. तोंपर्यंत गहाणखताचा मसुदा त्यांनीं वकिलाकडेच ठेवला आहे.